मधलं रबर

गाडी सुरू करा आणि आहे तिथेच उभी राहू द्या.

गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, रेडिओ बंद. दोन्ही तळवे स्टीअरिंगवर नुसते टेकवा. चाक धरू नका. डोळे मिटायचे नाहीत. हे मनन उघड्या डोळ्यांनी करायचं आहे, कारण थोड्या वेळानं हातात पाना येणार आहे आणि जॅकवर शंभर किलोंहून जास्त लोखंड तोललेलं असणार आहे. आत्ता मात्र तळव्यांना काय कळतंय एवढंच बघा.

मी बोलतोय ते जुन्या फिएटबद्दल. कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी; साताऱ्यात आणि सांगलीत ती फिएटच. 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, गिअरचा दांडा स्टीअरिंगच्या खाली. इंजिन पुढून दोन बाजूंना आणि मागून गिअरबॉक्सखाली रबरावर बसवलेलं. या रबराला गॅरेजात कुणी माउंटिंग म्हणतं, कुणी फाउंडेशन. तुमची गाडी दुसरी असली तरी चालेल. इंजिन आणि बॉडी यांच्या मधे काहीतरी मऊ असतंच, आणि मनन त्या मधल्या गोष्टीचं आहे.

उभ्या गाडीत इंजिन मिनिटाला 800 फेऱ्या घेतंय असं धरू. चार सिलिंडर, दर फेरीला दोन स्फोट. म्हणजे मिनिटाला 1600, सेकंदाला जवळजवळ 27. प्रत्येक स्फोट क्रँकला एका बाजूला फिरवतो आणि तेवढ्याच जोरानं इंजिनाच्या अंगाला उलट्या बाजूला ढकलतो. शिवाय चार पिस्टन वरखाली होताना एकमेकांना पुरते तोलत नाहीत. क्रँकच्या दुप्पट वेगाचा एक उभा हादरा शिल्लक राहतोच. त्यात कारागिराची चूक नाही, ती या रचनेचीच बाब आहे. म्हणजे सगळं काही ठणठणीत असलेलं इंजिनही हलणारच.

27 धक्के मोजता येत नाहीत, मोजायला जाऊ नका. ते एकसलग गुणगुणीसारखे हाताला लागतात. ही गुणगुण कुठवर पोचते ते सावकाश शोधा. फक्त तळव्यात आहे? मनगटात? सीटच्या पाठीतून मणक्याला लागते? एक हात काढून काचेला बोट लावा. काच बोलते का?

आता पाय हलकेच ॲक्सिलरेटरवर. फेऱ्या जरा वाढल्या की थरथर निवळते का, ते बघा. रबर थकलेलं असेल तर बहुतेक वेळा असंच होतं. उभी गाडी थरथरते आणि वेग आला की शांत होते. एखादा प्लग मरत असेल तर हादऱ्याला ताल राहत नाही, मधेच एक ठोका चुकतो, पुन्हा लागतो, पुन्हा चुकतो. हे दोन हादरे वेगळे ओळखता आले की निम्मं काम झालं. घाईच्या माणसाला ते एकच वाटतात, आणि तो चांगलं फाउंडेशन काढून फेकतो. तेव्हा इथे थांबा. पुरेसं थांबा. हाताची खात्री होईपर्यंत पुढे जायचं नाही.

हाताची खात्री ही सोपी गोष्ट नाही, त्याचंही कारण आहे. हे रबर एका दिवसात मरत नाही. बोनेटखालची उष्णता त्याला वर्षानुवर्षं कडक करत राहते. इंजिनातून झिरपणारं ऑइल नैसर्गिक रबरात शिरतं, ते फुगतं आणि भुसभुशीत होतं. हवेतला ओझोन ताणलेल्या जागी बारीक भेगा पाडतो. सायलेन्सरच्या पाइपाकडचं रबर बहुधा आधी जातं, कारण त्या बाजूला धग जास्त. हे सगळं इतकं हळू चालतं, की रोज गाडी चालवणाऱ्याचा हात सोबत सरावत जातो. मालकाला सगळ्यात शेवटी कळतं. बऱ्याच वर्षांनी गाडीत बसलेला पाहुणा साताऱ्यातल्या पोवई नाक्यावर गाडी थांबली की विचारतो, “गाडी एवढी का हो थरथरते?” आणि मालक म्हणतो, “जुनी आहे ना.”

“जुनी आहे ना” हे उत्तर मला मान्य नाही. जुनेपणाच्या खात्यावर आपण असं बरंच काही टाकून देतो, जे खरं तर एका झिजलेल्या सुट्या भागाचं असतं. आणि हे फक्त गाडीला लागू नाही. तळवे अजून स्टीअरिंगवर आहेत, तर जरा खांद्यांकडे लक्ष न्या. धरायला काही नसतानाही ते वर चढलेत का? जबडा आवळलेला आहे? तोही एक सराव झालेला हादरा असेल. त्याला आत्ता काही करायचं नाही. तो आहे एवढं कळू दे आणि इंजिन बंद करा.

इंजिन बंद झाल्यावरचा शेवटचा झटका लक्षात घ्या. स्फोट थांबतात, इंजिन एकदा अंग झाडून स्थिर होतं. रबर धड असेल तर ते मऊपणे होतं. फाटलं असेल तर लोखंडावर लोखंड आपटल्याचा ‘ठक्’ ऐकू येतो.

बोनेट उघडा, आणि पाना हातात घेण्याआधी थोडं मागे जाऊ. आपल्या भागात इंजिन पहिल्यांदा लोकांच्या परिचयाचं झालं ते शेतात. सातारा रोडच्या कूपर कारखान्याची इंजिनं, किर्लोस्करांची इंजिनं, कृष्णाकाठच्या विहिरींवर आणि उसाच्या गुऱ्हाळांत लागली. त्या इंजिनांना रबराची गरज नव्हती. कॉंक्रीटचा एक जड ओटा बांधायचा, त्यात बोल्ट पुरायचे, आणि इंजिन त्यावर आवळून टाकायचं. हादरा ओट्यात जायचा, ओट्यातून जमिनीत, आणि जमीन तो पोटात घ्यायची. संथ गतीचं इंजिन, खाली अख्खा सातारा जिल्हा. त्या इंजिनाला हलायला वावच नव्हता आणि त्यानं कुणाचं बिघडतही नव्हतं.

मोटारगाडीला जमीन नाही. ती चार टायरांवर तरंगणारी पत्र्याची पेटी. इंजिन तिला थेट आवळलं, तर सगळी पेटी वाजते. सुरुवातीच्या अनेक मोटारींत इंजिन थेट चॅसिसला किंवा पातळशा पट्टीवर आवळलेलं असायचं, आणि माणसं ते सहन करायची. 1931 साली अमेरिकेत क्रायस्लर कंपनीनं आपल्या चार सिलिंडरच्या प्लिमथमध्ये निराळा विचार आणला. इंजिन पुढे जरा उंचावर आणि मागे गिअरबॉक्सखाली असं दोन रबरी आधारांवर ठेवलं. त्या दोन आधारांना जोडणारी काल्पनिक रेघ इंजिनाच्या गुरुत्वमध्यातून जाईल अशी योजना केली, म्हणजे इंजिनाला त्या रेघेभोवती डुलता यावं. डुलणं हाताबाहेर जाऊ नये म्हणून बाजूला एक पाटा दिला. ‘फ्लोटिंग पॉवर’ असं त्याचं नाव. इंजिनाला गप्प बसवण्याचा नाद सोडून त्याला नीट हलू देण्याचा हा विचार. मला तो यंत्रविद्येतल्या फार समजूतदार विचारांपैकी एक वाटतो.

प्लिमथचं नाव इथे ओढून आणलेलं नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1940 साली याच क्रायस्लरशी करार केला, 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली, आणि 1947 साली कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या त्या डॉज, डिसोटो आणि प्लिमथ. फिएट पुढे आली. 1964 मध्ये ‘डिलाइट’, आणि 1974 पासून पद्मिनी. सांगलीत विश्रामबागेतलं अभियांत्रिकी महाविद्यालयही 1947 सालचंच. 1955 साली त्याला वालचंदांचं नाव दिलं गेलं. तिथे शिकलेले किती तरी जण हादरे आणि कंपनं यांची गणितं मांडत मोठे झाले असतील. त्या गणितातली एक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. रबरावर ठेवलेल्या इंजिनाची स्वतःची एक डुलण्याची गती असते. स्फोटांची गती तिच्यापेक्षा दीड पटीच्या आसपास किंवा त्याहून जास्त असेल, तरच रबर हादरा अडवतं. सेकंदाला 27 धक्के अडवायचे, तर डुलण्याची गती सेकंदाला 19 च्या खाली हवी. त्यासाठी रबर मऊ हवं. कडक रबर घातलं तर ती गती वर चढते, आणि एका मर्यादेनंतर रबर हादरा अडवायच्या ऐवजी वाढवून देतं.

गिऱ्हाईक दुकानात दोन माउंटिंगं हातात घेतं, अंगठ्यानं दाबून बघतं, आणि जास्त टणक ते “मजबूत आहे” म्हणून उचलतं. हे मी वारंवार पाहिलंय आणि दर वेळी वाईट वाटतं. तीच गत ट्रकच्या टायरचा तुकडा कापून खाली सारण्याची. टायरच्या आत दोऱ्यांचे थर असतात. तो भार घेईल, पण लवचीक होणार नाही. वापर न झालेल्या जुन्या स्टॉकच्या डब्यालाही भुलू नका. पद्मिनीचं उत्पादन थांबून दोन दशकांच्या वर काळ लोटला, आणि रबर डब्यातही म्हातारं होतं. कोपरा हलकेच वाकवून बघा. भेगा उमलल्या तर तो भाग कितीही अस्सल असो, ठेवून द्या.

याच्या अगदी उलट काम मिरजेच्या सतारमेकर गल्लीत चालतं. एकोणिसाव्या शतकापासून तिथे सतारी आणि तानपुरे घडतात. 2024 साली या वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे कुणी तानपुरा जुळवत बसलं असेल, तर जवळ जाऊन थांबा. तारेचं थरथरणं घोडीवरून तबलीत उतरतं, तबलीतून भोपळ्यात. घोडी हाडाची किंवा शिसवासारख्या टणक लाकडाची, कारण तिथे हादरा पलीकडे पोचायलाच हवा. कारागीर घोडीचा माथा कानसेनं घासतो, तार टेकते त्या जागी दोरा सरकवतो, पुन्हा ऐकतो. घोडीच्या माथ्याची ही जुळणी, म्हणजे जवारी, लागली की एका तारेतून कितीतरी स्वर उमलतात. तिथे सगळी कारागिरी पोचवण्याची. आणि त्याच मिरजेत, स्टेशन रस्त्याच्या बाजूच्या एखाद्या गॅरेजात, दुसरा कारागीर हादरा पोचू नये म्हणून उकिडवा बसलेला असतो. दोघांच्याही हातात एकच गोष्ट आहे: हलणाऱ्या वस्तूच्या आणि ऐकणाऱ्याच्या मधे काय ठेवायचं. यावर मी बराच विचार केला आहे, आणि अजून संपलेला नाही. आपल्या आत उठणाऱ्या सगळ्याच थरथरी अडवायच्या नसतात, सगळ्याच पोचवायच्याही नसतात. तुमच्यातली कुठली थरथर घोडीवरून जाऊ द्यावी आणि कुठल्या थरथरीखाली रबर हवं, हे मी सांगू शकत नाही. प्रश्न मनात ठेवा आणि कामाला लागू.

गाडी सपाट जागी. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. इंजिन गार होऊ द्या. ही वाट बघणं कामाचाच भाग आहे. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. खाली जायचं असेल तर गाडी भक्कम घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही खाली जायचं नाही.

ऑइल चेंबरखाली जॅक लावायचा, पण मधे लाकडाची रुंद फळी. जॅकचं तोंड थेट लागलं तर चेंबरचा पत्रा आत जातो. फळी सपाट टेकली का, हातानं चाचपा. आता जॅक एक-एक दाब वर घ्या. इथे डोळे जॅकवर नकोत, इंजिनावर हवेत. फळीनं भार घेतला तो क्षण दिसतो: इंजिन वर उठत नाही, फक्त दबलेलं रबर जरासं उमलतं. एवढंच पुरे. आणखी उचललं तर पंखा रेडिएटरच्या जाळीला लागेल, पाण्याचा होज ताणेल, सायलेन्सरचा पाइप मॅनिफोल्डच्या जोडावर ओढ घेईल. ज्याचा भार घ्यायचा त्याला उपटायचं नसतं.

एका वेळी एकच फाउंडेशन सोडा. बाकीची दोन इंजिनाला त्याची जागा धरून देतात. तिन्ही एकदम सोडली, तर इंजिन कुठे होतं हे कुणालाच आठवत नाही.

जुने बोल्ट अडलेले असतील. आदल्या रात्री गंजावरचं तेल मारून ठेवलं असेल तर उत्तम. रिंग पाना किंवा गोटी पाना नीट बसवा, सावकाश दाब द्या, आणि बोल्ट ‘कुर्र’ करून हलला की थांबून अर्धा फेरा परत आवळा, पुन्हा सोडा. असं मागेपुढे करत आलेला बोल्ट आटे घेऊन येत नाही.

सुटलेलं फाउंडेशन हातात घ्या. लगेच टाकू नका. दोन लोखंडी पट्ट्या, मधे मुठीएवढं काळं रबर. पट्ट्या दोन हातांत धरून हलकेच विरुद्ध दिशांना ओढा. एका कडेला रबर लोखंडापासून सुटलंय, आणि त्या फटीत धूळ आणि ऑइल यांचा काळा लगदा आहे. नखानं तो काढा. आत रबर चकचकीत दिसतं; म्हणजे ही फट बरीच वर्षं उघडझाप करत होती, एकमेकांवर घासत होती. बहुतेक वेळा असं सुटलेलं फाउंडेशन त्या बाजूचं असतं जी बाजू जोर लागला की वर उचलली जाते. पहिल्या गिअरमध्ये यवतेश्वरचा घाट चढताना इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून जो पीळ सोसतात, तो इंजिनाच्या मूळ जोराच्या तिपटीहून जास्त असतो. एका बाजूचं रबर दबतं, दुसऱ्या बाजूचं ताणलं जातं. दबणं रबराला सोसतं. ताण ते फार काळ सोसत नाही.

आणि तरीही ते तुटून पडलं नाही. फाटलेल्या अंगानं किती वर्षं भार घेतला, हे नेमकं सांगता येणार नाही. जरा वेळ हातात धरून ठेवा. इंजिनाचं कौतुक होतं, रंगाचं होतं, स्टीअरिंगच्या खांबावरच्या गिअरचं होतं. या तुकड्याचं नाव गाडी विकताना कुणी घेत नाही.

नवं बसवण्याआधी बॉडीवरची आणि इंजिनावरची ब्रॅकेटची जागा कापडानं पुसा. पत्र्याला तडा गेलाय का, ते बोट फिरवून बघा. ऑइल गळतंय ते कुठून, हे आत्ताच शोधा. नाहीतर नवं रबरही त्याच तेलात भिजत बसेल. मग नवं फाउंडेशन जागेवर सरकवा आणि बोल्ट बोटांनी लावा. पाना लांब ठेवा. तीन-चार आटे बोटांनीच चढले पाहिजेत. चढत नसतील तर बोल्टवर जोर करू नका. इंजिन केसभर हलवा, पुन्हा लावून बघा. बहुतेक वेळा अंतर केसाएवढंच असतं.

सगळे बोल्ट असे सैल ठेवा. हेच या कामातलं मर्म, आणि इथेच बहुतेक जण चुकतात. जॅकवर तोललेल्या इंजिनाला आवळून टाकलं, तर रबर त्याच वाकड्या ताणात कायमचं अडकतं, आणि नवं माउंटिंग पहिल्या दिवसापासून वाजायला लागतं. दुसरी बाजू बदला, मागचं गिअरबॉक्सखालचं बदला, तिथेही बोल्ट सैलच. मग जॅक हळूहळू उतरवा आणि फळी काढून घ्या. इंजिनाचं सगळं वजन आता नव्या रबरावर. दोन्ही हातांनी व्हॉल्व्ह कव्हरच्या बाजूला धरून इंजिन डावीउजवीकडे झुलवा. पुढेमागे झुलवा. ते आपली जागा शोधेल. पीळ निघून जाईल. रबर बाजूंना थोडं फुगेल. दाबलेल्या रबराचं आकारमान कमी होत नाही, त्याला फुगायला वाव लागतो, म्हणून त्याभोवती जादा वॉशर कोंबून जागा भरू नका.

आता थांबा. पाच मिनिटं, दहा मिनिटं, चहा होईपर्यंत. वजन बसतंय. तुम्हाला काही करायचं नाही, आणि काही न करता बोल्ट सैल दिसत असताना बसून राहणं जड जातं, हात पान्याकडे जातो. हात गेला तर जाऊ दे, पाना उचलू नका. कुठलीही नवी गोष्ट आयुष्यात आली की ती पक्की करून टाकायची आपली घाई असते: नातं, नोकरी, मत. वजन बसायच्या आधीच आपण आवळून मोकळे होतो. इथे तशी घाई करायची नाही, एवढं या दहा मिनिटांत शरीराला कळू दे.

मग पाना. थोडं इकडे, थोडं तिकडे, सगळे सारखे येतील असं आवळत जा. इंजिनाची अर्थ वायर सोडली असेल तर बॉडीला परत जोडा. ती विसरली तर स्टार्टरचा करंट ॲक्सिलरेटरच्या किंवा चोकच्या तारेतून वाट काढतो आणि ती तार जळते. शेवटी बॅटरी.

गाडी सुरू करा. बोनेट उघडं ठेवून, हँडब्रेक ओढून, ब्रेकवर पक्का पाय ठेवलेल्या जाणत्या माणसाला पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी हलका सोडायला सांगा. तुम्ही बाजूला उभे राहा, गाडीच्या पुढे नाही. इंजिन एका अंगावर कलेल आणि रबर त्याला धरेल. रिव्हर्समध्ये दुसऱ्या अंगावर कलेल. बोटभर कलणं चालतं. उडी मारणं चालत नाही.

आणि मग रस्ता. साताऱ्याहून कराड, पेठ नाका, आष्टा करत सांगली, सुमारे 120 किलोमीटर. हायवेवर काही विशेष कळणार नाही. पेठ नाक्यावर वळल्यानंतर, गर्दीत, दुसऱ्या गिअरमधून पहिल्यात आणि पुन्हा दुसऱ्यात जाताना लक्ष द्या. खांबावरच्या गिअरचा दांडा बॉडीला बांधलेला असतो आणि गिअरबॉक्स इंजिनाबरोबर हलतो. रबर खचलं की दोघांमधलं अंतर बदलतं आणि गिअर अडतो. आता तो सरळ पडायला हवा. पडत नसेल तर मागच्या फाउंडेशनचा कल तपासा, दांड्याची जोडणी नंतर. सांगलीत पोचल्यावर इंजिन गरम असतानाच एकदा खाली डोकावून सायलेन्सरचा पाइप कशाला टेकलाय का ते बघा. पाचशे किलोमीटर झाले की इंजिन गार असताना सगळ्या बोल्टना पुन्हा एकदा पाना लावा. नवं रबर तोवर आणखी थोडं बसलेलं असतं, एखादा बोल्ट पाव फेरा नक्की घेईल.